भोंगा कुठी होता

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी त्यांना शाली, नारळ आणि भिंतीवरची घड्याळं दिली. आयुष्यभर घड्याळाच्या काट्यावर इंजिन चालवलेल्या माणसाला आता घरी बसून वेळ पाहायला लावण्यात काय हेतू होता, ते देणाऱ्यांनाच ठाऊक. मी जरा वेगळं काही द्यायचं ठरवलं. नागपूरच्या एका दुकानातून त्यांच्यासाठी इंजिन आणलं. तयार, रंगवलेलं, रुळाच्या तुकड्यावर बसवलेलं, हातभरही लांब नसलेलं. बाबांनी आयुष्यातला बराच काळ ज्या जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनावर काढला, अगदी तसंच.

बाबांनी खोकं उघडलं, इंजिन हातात घेतलं आणि पहिल्यांदा उलटं केलं. मला वाटलं, किंमत शोधताहेत. नाही, चाकं बघत होते. मग ते टेबलावर ठेवलं, स्वतः जमिनीवर उकिडवे बसले आणि डोळा रुळाच्या पातळीवर आणून बराच वेळ बघत राहिले. आईनं विचारलं, "आवडलं का?"

"चांगलं आहे," बाबा म्हणाले. "पण याले चालवते कोण?"

"म्हणजे?"

"हा दांडा पाह्य न. याले धरून वर चढायचं म्हटलं त राक्षसाचा पंजा पाह्यजे. अन् इथी पाइप कुठी आहे ब्रेकचा? वायपर त नुसते रंगवून देल्ले. पाऊस आला म्हणजे ड्रायव्हरनं काय हात बाहेर काढून काच पुसाची?"

माझ्या भेटीचं असं स्वागत झालं. मला राग यायला हवा होता. पण बाबांनी बोट ठेवलं तिथं मी पाहिलं, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. इंजिनाच्या कडेनं जाणारा जो बारीक लोखंडी दांडा असतो, तो कारखान्यानं अंगाबरोबरच प्लास्टिकचा ओतला होता. जाडजूड, अंगाला चिकटलेला, बोट घालायलाही मागे फट नाही. एकदा दिसल्यावर तो दिसतच राहिला. दातात अडकलेल्या धाग्यासारखा.

दाताची उपमा सहज आली, कारण दात हाच माझा धंदा. चंद्रपुरात मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर लोक माप पाठवतात, आम्ही कॅपा आणि कवळ्या करून देतो. माझ्या टेबलावर बारीक चिमटे आहेत, भिंग आहे, केसाएवढं भोक पाडणारं यंत्र आहे आणि कवळीला आकडे करायची स्टीलची तार आहे. त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "दांडा मी करून देते."

बाबा म्हणाले, "तू?" त्या एका अक्षरात इतकी शंका होती की मग करणं भागच पडलं.

इथं हे सांगायला हवं की बाबांसाठी मी एक कवळीसुद्धा केली आहे. वरची. चांगली झाली होती. लॅबमध्ये सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. बाबांनी ती एकदा तोंडात घातली, "कोणीतरी दुसरंच बसलं आहे तोंडात" असं म्हणून काढली, आणि तेव्हापासून ती कपाटातल्या पेल्यात आहे. त्यामुळे मी इंजिनाच्या कामाला लागले तेव्हा आई शेजारणीला सांगत होती, "बापाचे दात पडून राह्यले, अन् लेक इंजनाले दात बसवून राह्यली."

पहिलं काम कापाकापीचं. कारखान्याचा दांडा पातळ पात्यानं खरवडून काढायचा, आणि खालचा रंग मात्र उडवायचा नाही. मग दांडा जिथं जिथं अंगाला टेकतो तिथं भोकं पाडायची, तार वाकवायची, टोकं भोकात घालायची आणि आतून चिकटवायची. बोलायला सोपं आहे. पहिली तार वाकडी झाली. दुसरी सरळ झाली, पण चिमट्यातून सुटून उडाली आणि कुठं गेली ते आजपर्यंत कळलं नाही. बाबा समोर खुर्ची टाकून बसलेले. ते माझ्या हाताकडे असे बघत होते, जणू शेडमध्ये इंजिन दुरुस्तीला आहे आणि त्यांना सुटायची घाई आहे.

"घाई नाई आपल्याले," ते मधूनमधून म्हणायचे. घाई असलेली माणसंच असं म्हणतात.

दांडा बसला तेव्हा बाबांनी चष्मा चढवला, उतरवला, परत चढवला. मग करंगळीचं नख हळूच दांड्याच्या मागून फिरवलं. नख गेलं. "हां," ते म्हणाले. "आता चढता येते."

बस, तिथून आम्ही दोघं वाहवत गेलो. लॅबमधून घरी आलं की चहा, आणि चहानंतर इंजिन. ब्रेकचे पाइप मी तांब्याच्या तारेवर त्याहून बारीक तार गुंडाळून केले आणि काळे रंगवले. दिव्यांवर पारदर्शक रेझिनचा एकेक थेंब सोडला; सुकल्यावर तो खऱ्या काचेसारखा फुगीर झाला. वायपरसाठी मोबाईलच्या तुटलेल्या चार्जरच्या वायरीतले धागे कामी आले. रेडिएटरच्या जाळीसाठी मला हवी तशी बारीक जाळी कुठंच मिळेना. शेवटी एका सकाळी आईला चहाच्या गाळणीत मोठं चौकोनी भोक आढळलं. तिनं काही विचारलं नाही. ती गाळणी घेऊन टेबलापाशी आली, इंजिनाकडे पाहिलं, गाळणीकडे पाहिलं, आणि बाबांना पत्तीसकट चहा दिला. बाबांनी तो मुकाट्यानं प्यायला.

माझ्या लहानपणी बाबा म्हणजे दारातले बूट आणि ड्रायव्हरची लोखंडी पेटी. पेटी कोपऱ्यात असली की बाबा घरात झोपलेले. नसली की गाडीवर. झोपले असले की आम्ही हळू बोलायचं, आणि गाडीवर असले की बोलायला ते नसायचे. त्यामुळे बाबांशी गप्पा अशा माझ्या कधी झाल्याच नव्हत्या. आता एकेक भाग करताना मी विचारायची, हे कशासाठी असतं, आणि ते सांगायचे.

चाकांजवळ वाळूच्या नळ्या बसवत होते तेव्हा मी विचारलं, इंजिनाला वाळू कशाला लागते?

"पावसाळ्यात रूळ ओले राहते. वरून सागाचे पानं पडते. चाक नुसतं गरगर फिरते, गाडी हालत नाई. मग वाळू सोडाची रुळावर. पकड येते." मग म्हणाले, "केळझरच्या जंगलात एकदा वाळू सोडून गाडी काढली, अन् पुढच्या वळणावर साहेब बसले होते."

"कोण साहेब?"

"पट्ट्याचे."

चंद्रपूरच्या चांदाफोर्ट स्टेशनहून गोंदियाकडे जाणारा रूळ केळझरजवळ दाट जंगलातून जातो, आणि वाघ बसला होता तो बरोबर दोन रुळांच्या मध्ये. मालगाडी हळूच होती. बाबांनी ब्रेक लावून ती थांबवली आणि भोंगा वाजवला.

"मग?"

"मग काय. त्यानं मान वळवली अन् माह्याकडे पाह्यलं. परत भोंगा वाजवाची माही हिंमत नाई झाली."

मागून गार्ड वॉकीटॉकीवर विचारत होता, काऊन थांबले, सिग्नल तर हिरवा आहे. बाबा हळू आवाजात सांगत होते, साहेब उठले की निघतो. आपण इंजिनात, चहूबाजूंनी लोखंड, आणि तरी आवाज हळू. साहेब सावकाश उठले, आळस दिला, आणि आपली जागा असल्यासारखे जंगलात गेले. गाडीला उशीर का झाला याचं उत्तर बाबांना वरच्या लोकांना द्यावं लागलं. त्यांनी खरं ते सांगितलं. कोणी मानलं, कोणी हसलं.

ही गोष्ट बाबांनी नंतर दोनदा सांगितली. दुसऱ्या वेळी वाघाबरोबर वाघीण आली. तिसऱ्या वेळी पिल्लं दिसायला लागली तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता त्यायले गाडीत बसवून मूलच्या स्टेशनपर्यंत सोडून द्या."

भोंग्यावरून भांडण झालं ते यानंतर लगेच.

कारखान्यानं टपावर भोंगा म्हणून दोन गुळगुळीत टिकल्या ठेवल्या होत्या. मी त्या काढल्या. पितळेच्या बारीक नळीचं तोंड फुलवून कर्ण्यासारखे दोन भोंगे केले. इतके सुरेख झाले की मी ते काळ्या कपड्यावर ठेवून मोबाईलमध्ये फोटो काढला. मग प्रश्न आला, बसवायचे कुठं. इंटरनेटवर पाहिलेल्या फोटोंवरून मला वाटत होतं की दोन्ही ड्रायव्हरच्या खोलीच्या टपावर, मधोमध. बाबा म्हणाले, नाही. एक पुढच्या टोकाला, एक मागच्या टोकाला.

"फोटोत तर मधे आहेत, बाबा."

"फोटोवाल्यानं चालवलं का इंजन? वाजवला कोणी भोंगा?"

"वाजवला तुम्ही. पण पाहिला का?"

मी उगीच बोलले असं मला वाटलं. ड्युटीवर चढण्याआधी ते इंजिनाला फेरी मारायचे, चाकं, ब्रेक, तेल, वाळू सगळं बघायचे. टप मात्र उंच. त्यावर चढायची त्यांना कधी गरज पडली नाही, आणि वरून विजेच्या तारा गेलेल्या असल्या की चढायची परवानगीही नाही. दोरी ओढली, मूठ दाबली, आवाज आला. कुठून आला ते कोण बघतं?

रात्री भात कालवताना ते म्हणाले, "रविवारी पाहून येऊ. पुलावरून टप दिसते."

असं आम्ही एका थंडीतल्या रविवारी सकाळी चंद्रपुरात, रुळावरून जाणाऱ्या पुलावर जाऊन उभे राहिलो. आईही आली. तिला इंजिनात रस नव्हता. पण आम्हा दोघांना एकटं पाठवलं तर भांडून वेगवेगळ्या रिक्षांनी परत येऊ, अशी तिची खात्री होती. तिनं संत्री घेतली होती आणि डब्यात पोहे.

अडचण अशी की आता सगळीकडे विजेचीच इंजिनं. एक आलं, कोळशाच्या वाघिणी ओढत. मग एक पॅसेंजर आली, तिलाही विजेचं. बाबा प्रत्येकाकडे परक्याच्या लग्नातल्या नवरदेवाकडे पाहावं तसे बघत होते. "शिलाई मशीन," ते म्हणाले. "आवाजच नाई याले." आईनं संत्रं सोललं. मी फोन हातात घेऊन कठड्याला टेकले होते. उन्हं चढली, पोहे संपले.

शेवटी गिट्टीची एक गाडी हळूहळू येऊन पुलाच्या अलीकडे थांबली, आणि तिला डिझेल होतं. आमचंच. जुनं, धुळीनं माखलेलं, धूर सोडणारं. बाबांनी चष्मा पुसला. मी फोन कठड्याबाहेर धरून फोटो घ्यायला लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, फोटो काऊन काढून राह्यले?"

रेल्वे पोलिसातला एक जवान होता. तरुण, मिशा नुकत्या राखलेल्या. मी काही बोलायच्या आत बाबा पुढे झाले.

"मी ड्रायव्हर होतो रेल्वेत. रिटायर झालो."

"बरं. मग?"

"भोंगा पाहून राह्यलो."

जवानानं बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग संत्र्याच्या साली गोळा करणाऱ्या आईकडे पाहिलं. "काका, जिंदगीभर भोंगा वाजवला म्हणता, अन् तो कुठी आहे तेच माहीत नाई?"

आईला हसू आवरेना. तिनं तोंडाला पदर लावला.

बाबा शांतपणे म्हणाले, "तुमच्या डोक्यावर टोपी आहे न? तुमाले दिसते का ती?"

जवानाचा हात आपोआप टोपीकडे गेला. ती जरा तिरपी होती, ती त्यानं नीट केली. मग तोही आमच्या शेजारी कठड्यावर वाकला आणि म्हणाला, "कुठी पाहाचं?" आईनं त्याला संत्र्याच्या फोडी दिल्या आणि आमचं भांडण सांगितलं.

आम्ही चौघांनी पाहिलं. भोंगे ना मधोमध होते, ना दोन टोकांना. दोन्ही एका कडेला, शेजारी शेजारी, एकाचं तोंड पुढे आणि एकाचं मागे, भांडण झालेल्या नवरा-बायकोसारखे. मी बाबांकडे पाहिलं. मी चुकले होते, तेही चुकले होते; मला वाटलं, आता हसतील आणि आपण घरी जाऊ.

बाबा म्हणाले, "हे दुसऱ्या शेडचं इंजन आहे. आमच्या शेडमधले असे नव्हते."

जवान म्हणाला, "मॅडम, तुमी हारले."

परत येताना आम्ही रिक्षात बसलो. मग आई एकदम म्हणाली, "भोंग्याचं मले नाई समजत. पण टॉवेल कुठी आहे?"

"कोणता टॉवेल?" बाबांनी विचारलं.

"तुमचा. ओला टॉवेल दांड्याले बांधून राहे नाई का बाहेरून? आपण मूलले राहत होतो तेव्हा. इंजन त सगळेच सारखे. टॉवेल दिसला की मी समजो, गाडीवर तुमीच आहे म्हणून. मग भात टाको."

बाबा रिक्षाबाहेर बघायला लागले. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ते दोघं मूलला रुळाजवळ भाड्याच्या खोलीत राहत होते, एवढं मला माहीत होतं. टॉवेलचं माहीत नव्हतं.

"असं काही बांधता येत नाई इंजनाले," बाबा म्हणाले. "नियमात बसत नाई."

"नियमात नाई बसत म्हणून त मी कोणाले सांगितलं नाई आतापर्यंत," आई म्हणाली.

मी टॉवेल केला. सत्त्याऐंशी पट लहान इंजिनाला टॉवेलही तेवढाच लहान हवा, आणि खरं कापड तितकं पातळ मिळत नाही. सगळं घोंगडीसारखं दिसतं. चहाच्या पिशवीचा कागद चालला. तो कापून, पातळ गोंदात बुडवून, दांड्यावर टाकून सुईनं त्याला चुण्या पाडल्या, वाऱ्यावर फडफडताना थांबल्यासारख्या. सुकल्यावर एका केसाच्या कुंचल्यानं लाल काठ काढला आणि बाबांसमोर ठेवला.

बाबांनी भिंगातून पाहिलं. मग म्हणाले, "काठ लाल नव्हता. हिरवा होता."

आई आतून म्हणाली, "म्हणजे टॉवेल होता!"

बाबांच्या कानांपर्यंत लाली चढली. त्या वयाच्या माणसाला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही स्वतःच्या बायकोपुढं. काठ मी हिरवा केला. भोंगे बाबा म्हणत होते तसे, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, लावून टाकले. जगातल्या कुठल्याही इंजिनाला ते तसे नसतील. पण हे इंजिन त्यांचं होतं.

राखीला आम्ही धानोऱ्याला गेलो. तिथं बाबांची मोठी बहीण असते, माझी आत्या. बाबा तिला बाई म्हणतात. अख्ख्या नात्यागोत्यात बाबांना "अरे" म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलं आहे. इंजिन खोक्यात कापूस घालून घेतलं होतं. गडचिरोलीला बस बदलली. दोन्ही बसमध्ये खोकं बाबांच्या मांडीवर होतं. मी म्हटलं, मला द्या थोडा वेळ. त्यांनी दिलं नाही. बाहेर धान हिरवंगार लागलेलं, आणि त्यामागे जंगल.

आत्यानं वास्त्यांची भाजी केली होती. कोवळ्या बांबूची ती भाजी तिच्यासारखी कोणाला जमत नाही. राखी बांधून झाली, जेवणं झाली, मग बाबांनी पडवीत खोकं उघडलं. आत्यानं इंजिन दोन्ही हातांत धरलं, तान्हं मूल धरावं तसं. मी तिला सगळं दाखवलं, दांडा, वायपर, पाइप, जाळी. ती "हो का, हो का" म्हणत होती. टॉवेलपाशी आल्यावर तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. टॉवेल कोणासाठी होता, ते आत्याला न सांगता कळलं.

मग आत्यानं विचारलं, "वाजते का?"

"नाई बाई, हे शोभेचं आहे," बाबा म्हणाले.

"मंग भोंगे काऊन लावले?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. घरातलीच माणसं आहेत याची खात्री केली. मग दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि भोंगा वाजवला. एक लांब, एक आखूड. पुढचे दात नसल्यामुळे आवाजाला कुठं अडथळाच नव्हता. तो असा निघाला की अंगणातल्या कोंबड्या फडफडत कुंपणावर गेल्या, शेजारचं कुत्रं उठून भुंकायला लागलं आणि रस्त्यानं सायकलवर जाणारा माणूस एक पाय टेकून उभा राहिला. पेल्यातली ती कवळी तोंडात असती तर हे झालं नसतं, एवढं माझ्या धंद्याला मान्य करावं लागेल.

आत्या हसून हसून खाली बसली. डोळे पुसत म्हणाली, "इकडे गाडी येऊन राह्यली, येऊन राह्यली म्हणते, किती वर्षांपासून ऐकून राह्यली मी. वडसापासून गडचिरोलीले रूळ टाकून राह्यले म्हणते. मले काही दिसंल नाई बाप्पा ती."

"दिसंल बाई," बाबा म्हणाले. "तोवर हे ठेव."

आणि खोकं त्यांनी आत्याच्या पुढ्यात सरकवलं.

मी तोंड उघडलं. आईनं माझ्या हातावर हात ठेवला. मी तोंड मिटलं. कितीतरी संध्याकाळी, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत मी त्या भिंगातून पाहिलं होतं. एकेका वायपरसाठी चार्जर फाडले होते. पोलिसासमोर उभी राहिले होते. आणि हा माणूस मला न विचारता ते देऊन मोकळा. परतीच्या बसमध्ये मी बाबांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, कारण धानोऱ्याच्या बाहेर पडायच्या आतच त्यांना झोप लागली होती. रिकामे हात मांडीवर, डोकं खिडकीला. आई म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा बहिणीले काही देल्लं त्यायनं स्वतःच्या मनानं. साड्या त मीच पाठवत होती."

त्यानंतर माझा राग किती टिकेल ते तिला माहीत होतं.

दसऱ्याच्या दिवशी आत्याच्या घरून व्हिडिओवर फोन आला. देव्हाऱ्यापुढे पाटावर विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, शिलाई मशीनची कात्री मांडलेली. आणि मधोमध इंजिन. त्याच्या तोंडावर हळदीकुंकवाचं बोट, टपावर इंजिनाहून मोठं झेंडूचं फूल. माझ्या भोंग्यांपैकी एक फुलाखाली पार दडपला होता. हळद आईच्या गाळणीच्या जाळीत शिरली होती. त्या जाळीचा धुरकट रंग बरोबर यावा म्हणून मी तीनदा रंगवलं होतं.

"आत्या," मी म्हटलं, "जाळीत गेलेली हळद सुईनं हळूच काढता येईल. मी आले की काढते."

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि अगदी जवळ धरून, उकिडवे बसल्यासारखी मान वाकवून, इंजिनाकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "शेडमध्येही दसऱ्याले अशीच भरत होती हळद जाळीत. आमी कधी काढली नाई." मग आत्याला म्हणाले, "बाई, फूल मात्र थोडं मागे सरकव. ड्रायव्हरले समोरचं दिसलं पाह्यजे."